रात्रीचा उकाडा आणि भिंतींत साठलेले ऊन

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा कडक होऊ लागला की वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर दिवसाचे कमाल तापमान ठळक अक्षरांत येते आणि आतल्या पानांवर वातानुकूलन यंत्रांच्या जाहिराती येतात. दुपारभर तापलेली शयनाची खोली रात्री कशी वागते आणि तिला थंड ठेवण्यासाठी यंत्राखेरीज काय काय करावे लागते, याविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही. घरगुती एसी बसवण्याच्या आणि दुरुस्तीच्या कामाशी माझा बराच काळ संबंध आला आहे. तक्रार बहुतेक वेळा त्याच शब्दांत ऐकू येते: ‘एसी चालू आहे, रिमोटवर १८ दिसतात, तरी झोप लागत नाही.’ अशा वेळी यंत्रात बिघाड आहे असे समजून मेकॅनिकला बोलावले जाते, यंत्र उघडले जाते, कधी गरज नसताना गॅसही भरला जातो. प्रत्यक्षात अनेकदा यंत्र ठीक असते आणि उष्णता खोलीच्या अंगात मुरलेली असते. हे नीट समजून घेतले, तर वीज, पैसा आणि झोप तिन्ही वाचतात, असे माझे ठाम मत असल्यामुळे हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे.

तीन मीटर रुंद, चार मीटर लांब आणि तीन मीटर उंच अशी एक साधारण खोली घेऊ. तिच्यातल्या सगळ्या हवेचे वजन चाळीस किलोच्या थोडे पुढे भरते. त्याच खोलीवरचा बारा सेंटिमीटर जाडीचा काँक्रीटचा स्लॅब सुमारे साडेतीन हजार किलोंचा असतो आणि चार भिंतींचे वजन त्याहूनही अधिक असते. एक किलो काँक्रीट एक अंशाने थंड करायला जवळपास एक किलो हवेइतकीच उष्णता काढावी लागते. म्हणजे नुसता स्लॅब एक अंशाने उतरवायचा, तर खोलीतली सगळी हवा एक अंशाने उतरवण्याच्या सत्तर-ऐंशी पट काम करावे लागते. एक टनाचा एसी हवेचे तापमान काही मिनिटांत खाली आणतो आणि रिमोटचा आकडा गाठला गेल्यासारखा वाटतो, पण छत आणि भिंती अजून तापलेल्याच असतात. गॅस बंद केल्यावरही तवा बराच वेळ हात भाजतो, तसा दिवसभर उन्हात तापलेला स्लॅब सूर्य मावळल्यावर कित्येक तास उष्णता आत सोडत राहतो. काँक्रीटमधून उष्णता सावकाश झिरपत असल्याने माथ्यावरच्या उन्हाचा परिणाम छताच्या खालच्या बाजूला काही तासांनी, म्हणजे नेमका आपण अंथरुणावर पडतो त्या सुमारास, सर्वाधिक जाणवतो. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

याच्या जोडीला शरीराचाही एक नियम आहे. आपल्याला जाणवणारी उष्णता केवळ हवेच्या तापमानावर ठरत नाही. भोवतालच्या पृष्ठभागांकडून प्रारणाच्या रूपाने, म्हणजे शेकोटीची धग दुरून लागावी तशी, येणारी उष्णता तिच्यात जवळपास निम्म्याने सहभागी असते. वारा मंद असेल, हवा २४ अंशांवर आणि छत-भिंती सरासरी ३४ अंशांवर असतील, तर अंगाला ती खोली २९ अंशांच्या आसपासची वाटते. मग माणूस रिमोट उचलतो आणि १८ किंवा १६ करतो. साध्या, ठरावीक वेगाच्या कॉम्प्रेसरला या आकड्याने काहीच फरक पडत नाही. तो आधीही पूर्ण जोराने चालत होता आणि आताही तेवढ्याच जोराने चालतो, फक्त थांबायचे कधी एवढेच बदलते. कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करू शकणारे इन्व्हर्टर यंत्र वेग थोडा वाढवते खरे, पण तेही आपल्या कमाल क्षमतेपलीकडे जाऊ शकत नाही. पुढे पहाटेपर्यंत भिंती निवतात, तेव्हा तोच १८चा आकडा अंगावर येतो आणि घरातले सगळे पांघरूण ओढून कुडकुडत असतात. रात्री दहाचा उकाडा आणि पहाटे चारची थंडी हे दोन्ही त्रास एकाच चुकीच्या आकड्यातून निघतात.

त्यामुळे माझा आग्रह असा की यंत्राकडे वळण्यापूर्वी खोलीत उष्णता कुठून येते ते शोधावे. पश्चिमेची खिडकी हा बहुतेक घरांतला पहिला शत्रू. स्वच्छ आकाशाच्या दुपारी उतरते ऊन उभ्या काचेवर चौरस मीटरमागे ५०० ते ७०० वॅट ओतत असते. दीड चौरस मीटरच्या एका खिडकीतून त्या तासांत एक टन क्षमतेच्या यंत्राचा जवळपास पाव हिस्सा खाऊन टाकील इतकी उष्णता आत येऊ शकते. आतला जाड पडदा हा त्यावरचा अर्धाच उपाय आहे, कारण काचेतून आत आलेले ऊन पडद्यावर पडते, पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. ऊन काचेच्या बाहेर अडवले तरच खरा फरक पडतो. बाहेरून लावलेला बांबूच्या काड्यांचा पडदा किंवा चटई, छज्जा, लाकडी झडपा, जाळीदार कापडाचा आडोसा, खिडकीवर सावली धरणारे झाड किंवा वेल, यांपैकी जे शक्य असेल ते करावे. यातले काहीच शक्य नसेल तर काचेवर ऊन परतवणारी फिल्म लावावी आणि आतून पांढऱ्या पाठीचा पडदा काचेला शक्य तितका लगटून सोडावा.

छताची गोष्ट याहून मोठी आहे. वर गच्ची असेल तर तिच्यावर ऊन परतवणारा पांढरा लेप द्यावा. गडद आणि काळवंडलेला पृष्ठभाग बहुतेक ऊन गिळतो, तर स्वच्छ पांढरा पृष्ठभाग बहुतेक ऊन आकाशात परत पाठवतो, आणि त्यामुळे भर दुपारी दोन्हींच्या पृष्ठभागांच्या तापमानात वीस अंशांहूनही अधिक फरक पडू शकतो. हा लेप धुळीने मळतो, म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर तो धुऊन घ्यावा लागतो. एवढी साधी देखभाल टाळली जाते आणि मग लेपाचा उपयोग होत नाही असा निष्कर्ष काढला जातो. गच्चीवर सावलीची जाळी उभारली, किंवा स्लॅबवर उष्णतारोधक थर टाकून वर फरशी बसवली, तर परिणाम आणखी टिकाऊ होतो. इमारतीच्या गच्चीचा खर्च फक्त वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाने का सोसावा, हा वाद मी बराच ऐकला आहे. माझ्या मते छत सगळ्यांचे असते आणि त्याची देखभाल सामायिक खर्चातूनच व्हायला हवी.

खिडक्या कधी उघडायच्या, याचा नियम एका वाक्यात सांगता येतो. बाहेरची हवा आतल्या हवेपेक्षा थंड असेल तेव्हा सगळे उघडावे आणि गरम असेल तेव्हा सगळे बंद ठेवावे. अनेक घरांत नेमके उलटे चालते. दुपारी ‘वारा यावा’ म्हणून खिडक्या सताड उघड्या असतात आणि पहाटे, जेव्हा बाहेरचा गारवा भिंतींना निववू शकला असता, तेव्हा त्या घट्ट लावलेल्या असतात. दोन समोरासमोरच्या खिडक्या किंवा एक खिडकी आणि दार उघडून पहाटेपासून ऊन चढेपर्यंत हवा खेळू दिली, तर भिंतींतली साठवण कमी होते आणि रात्री यंत्राला तितके कमी काम पडते.

आता यंत्राविषयी. टन हे माप बर्फाच्या काळापासून चालत आले आहे. दोन हजार पौंड बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, ती एक टन क्षमता. आजच्या मापात ती सुमारे साडेतीन किलोवॅट होते. यंत्र थंडावा तयार करत नाही, ते आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकते. आतल्या कॉइलमध्ये शीतकाची (ज्याला आपण बोलताना ‘गॅस’ म्हणतो त्याची) वाफ होताना उष्णता शोषली जाते, कॉम्प्रेसर ती वाफ दाबून तापवतो आणि बाहेरच्या कॉइलमध्ये ती वाफ पुन्हा द्रव होताना तीच उष्णता बाहेर सोडते. घरगुती यंत्रांची जाहीर क्षमता साधारणपणे बाहेर ३५ अंश तापमान धरून मोजलेली असते. बाहेर ४२ किंवा ४५ अंश असताना तेच यंत्र कमी थंडावा देते आणि वीज मात्र जास्त ओढते. म्हणून आउटडोअर युनिट कुठे बसवले आहे, याला मी फार महत्त्व देतो. चारी बाजूंनी बंद केलेल्या गॅलरीत, अरुंद चौकात किंवा सजावटीच्या जाळीआड ते कोंडले, तर स्वतःचीच गरम हवा ते पुन्हा आत ओढते आणि त्याच्या दृष्टीने बाहेरचे तापमान सात-आठ अंशांनी सहज वाढते. त्याच्या पाठीमागे आणि समोर हवेला मोकळी वाट हवी आणि शक्य तर वर सावली हवी, मात्र ती सावली हवेची वाट अडवणारी नको. त्याची गरम हवा शेजाऱ्याच्या शयनगृहाच्या खिडकीवर जाणार नाही, हे पाहणे तर साधे शेजारधर्माचे काम आहे.

क्षमता निवडताना ‘थोडा मोठाच घेऊ’ ही वृत्ती मला चिंताजनक वाटते. मोठे यंत्र हवा झटकन थंड करते आणि लगेच थांबते. पण हवेतली वाफ काढायला त्याला पुरेसा वेळच मिळत नाही. खोली गार आणि तरीही चिकट, असा विचित्र अनुभव त्यातून येतो. आर्द्रता हा या विषयातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. १९०२ साली विलिस कॅरियर यांनी ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी आधुनिक वातानुकूलनाची यंत्रणा आखली, तीच मुळी आर्द्रतेवर ताबा मिळवण्यासाठी, कारण दमट हवेत कागद फुगून एकावर एक छापायच्या रंगांचा मेळ बसत नव्हता. कॉइलवर एक लिटर पाणी जमा करायला एक टनाच्या यंत्राची सुमारे बारा मिनिटांची पूर्ण क्षमता खर्ची पडते. हे लक्षात घेतले, तर एसीच्या खोलीत ओले कपडे वाळत घालणे, पाण्याची बादली भरून ठेवणे किंवा एसीबरोबर पाण्याचा कूलर लावणे किती चुकीचे आहे ते कळते. कूलर हवेत वाफ मिसळून थंडावा देतो आणि एसी तीच वाफ वीज जाळून बाहेर काढतो. कोरड्या हवेत, उघड्या खिडकीसह कूलर उत्तम काम करतो, पण एसीच्या बंद खोलीत त्याला जागा नाही. दमट रात्री २४ अंशांवर ठेवूनही चैन पडत नसेल, तर आकडा आणखी खाली नेण्याआधी आतल्या पंख्याचा वेग कमी करून किंवा रिमोटवरचा ड्राय मोड, म्हणजे हवेतला ओलावा काढण्यावर भर देणारी सोय, लावून पाहावे, कारण कॉइलवरून हवा हळू गेली की तिच्यातले पाणी अधिक निघते.

छताचा पंखा एसीबरोबर चालवावा की नाही, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. चालवावा, असे माझे स्पष्ट उत्तर आहे. पंखा खोली थंड करत नाही, उलट त्याच्या मोटरची थोडी उष्णता खोलीतच पडते. पण अंगावरून वाहणारी हवा घाम उडवते आणि त्यामुळे २६-२७ अंशांची खोली २४ सारखी वाटते. साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास आणि कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास वीज घेतो. कॉम्प्रेसरच्या मानाने हे काहीच नाही. बाहेर ३८ अंश असताना आत १८ ठेवायचे म्हटले तर भिंतींमधून आत शिरणाऱ्या उष्णतेला २० अंशांचा उतार मिळतो, २६ ठेवले तर १२ अंशांचाच. म्हणजे त्या वाटेने येणारा भार चाळीस टक्क्यांनी घटतो. माझ्या अनुभवात झोपण्याच्या तास-सव्वा तास आधी दार-खिडक्या लावून, पडदे ओढून यंत्र २४-२५ वर सुरू करावे, म्हणजे हवेबरोबर भिंतींनाही निवायला वेळ मिळतो, आणि झोपताना आकडा २६ वर नेऊन पंखा मंद ठेवावा. झोपेत शरीराचे आतले तापमान आपोआप सुमारे एक अंशाने उतरते आणि पहाटेच्या सुमारास सर्वांत कमी असते. रिमोटवरची ‘स्लीप’ ही सोय याच कारणासाठी तासातासाने आकडा एकेक अंश वर नेते. ती वापरणारी घरे मला फार थोडी भेटली, याचे वाईट वाटते. दिवसभर कोणी खोलीत नसताना ‘पुन्हा थंड करायला जास्त वीज लागते’ या समजुतीने यंत्र चालूच ठेवणे मात्र टाळावे. बंद खोली जेवढी गरम होऊ दिली जाते, तेवढी बाहेरची उष्णता तिच्यात कमी शिरते.

लहान मुले, वृद्ध आणि आजारी माणसे यांच्याबाबतीत काटकसरीचा विचार मागे ठेवावा. उष्णतेच्या लाटेत, विशेषतः अर्भके आणि साठीच्या पुढच्या व्यक्तींसाठी, खोलीचे तापमान शक्यतो दिवसा ३२ आणि रात्री २४ अंशांच्या खाली ठेवावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. हवा ४० अंशांच्या वर गेली की नुसत्या पंख्यावर विसंबू नये, कारण तेव्हा तो अंगावर गरम हवाच मारत राहतो. घरात एकच एसी असेल, तर अशा दिवसांत ज्याला त्याची गरज सर्वाधिक आहे त्याची खाट त्या खोलीत हलवावी.

भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, हेही अनेकांना ठाऊक नसते. तो तीच हवा फिरवत राहतो. घट्ट बंद लहान खोलीत दोन-तीन माणसे रात्रभर झोपली, तर बाहेर दशलक्ष भागांत ४२० च्या आसपास असणारा कार्बन डायऑक्साइड आत २००० च्या पुढे जाऊ शकतो आणि सकाळी डोके जड वाटते. दाराखालची फट कापडाने बुजवण्याचा हट्ट धरू नये. थोडी हवा खेळती राहिली तर वीज किंचित वाढेल, पण ती सार्थकी लागेल.

गॅस भरण्याविषयी थोडे कठोर लिहावे लागेल. शीतकाचा प्रवास बंद नळ्यांमधून होतो, तो इंधनासारखा जळून संपत नाही. दरवर्षी ‘गॅस कमी झाला’ असे सांगून तो भरला जात असेल, तर कुठेतरी गळती आहे, आणि ती शोधून बंद केल्याशिवाय पुन्हा भरणे म्हणजे ग्राहकाचा पैसा आणि वातावरण या दोहोंचे नुकसान आहे. तापमानवाढीच्या मापात जुना आर-२२ कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १८०० पट, आर-४१०ए सुमारे २१०० पट आणि आर-३२ सुमारे ६७५ पट घातक मानला जातो. ओझोनचा नाश करणारे शीतक हटवण्यासाठी १९८७ चा माँट्रियल करार झाला आणि तापमान वाढवणारे शीतक कमी करण्यासाठी २०१६ साली त्याला किगाली दुरुस्तीची जोड मिळाली. पण घराघरांतल्या नळ्यांची गळती कोणत्याही कराराने थांबत नाही, ती मेकॅनिकच्या पान्यानेच थांबते. ‘सर्व्हिसिंग’ या नावाखाली नुसते वरवर पाणी मारून जाणाऱ्याला गळतीची तपासणी केली का, असे प्रत्येक ग्राहकाने विचारावे. थंडावा कमी झाला तर मेकॅनिकला बोलावण्याआधी स्वतः फिल्टरची जाळी पाहावी. धुळीने भरलेल्या फिल्टरमधून हवा जात नाही, कॉइलवर बर्फ धरतो आणि लक्षणे हुबेहूब गॅस कमी झाल्यासारखी दिसतात. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी फिल्टर साध्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून बसवावा. आतून पाणी टपकू लागले तर बहुधा ड्रेन पाइप तुंबलेला असतो. यंत्राची जोडणी स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबीवरच (भार वाढला की आपोआप वीज तोडणाऱ्या बटणावरच) हवी. एक्स्टेन्शन बोर्डवर एसी चालवणे आगीला आमंत्रण आहे आणि त्याबाबत मी कोणतीही सवलत मानत नाही.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०१८ साली मांडलेल्या हिशोबानुसार एसी आणि पंखे मिळून जगातली सुमारे दहा टक्के वीज वापरत होते आणि यंत्रांची संख्या १६० कोटींवरून २०५० पर्यंत ५६० कोटींवर जाण्याची शक्यता होती. ही वाढ रोखावी असे मी म्हणणार नाही, कारण उकाड्यात शांत झोप ही चैन नाही. पण प्रत्येक यंत्राच्या खिडकीबाहेर सावली आणि गच्चीवर पांढरा लेप आला, तर तेच काम पुष्कळ लहान यंत्रे भागवतील. ज्यांच्या घरी एसी नाही त्यांनाही हेच उपाय तेवढेच उपयोगी पडतात, ही त्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी बाब आहे.

शेवटी आपल्याकडे एक विनंती. दुपारचे कमाल तापमान छापताना त्याच्याच शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत, रात्रीचे किमान तापमान आणि दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे थेंब होऊ लागतात तो आकडा, छापावा. किमान तापमानावरून रात्री खिडक्या उघडून भिंती निवतील की नाही, हे वाचकाला ठरवता येईल. दवबिंदूवरून हवा कोरडी आहे की दमट, ते कळेल. हवा ३० अंशांवर असताना आर्द्रता ४० टक्के असेल तर दवबिंदू १५ अंशांच्या आसपास असतो आणि ७० टक्के असेल तर तो २४ वर जातो. पहिल्या रात्री पंखा किंवा कूलर भागवू शकतो, दुसऱ्या रात्री एसीची गरज भासते. हवामान खात्यांकडे हे आकडे रोज तयार असतात, त्यामुळे ते छापायला फक्त दोन ओळींची जागा लागेल.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक